शिक्षा : एका छोट्या शब्दाचा प्रवास

'सर्व शिक्षा अभियान' ही शाळेच्या भिंतीवरची पाटी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. पेन्सिलीवर बसलेली मुले, शेजारी अभियानाचे नाव आणि जोडीला 'सारे शिकूया, पुढे जाऊया' हे घोषवाक्य. केंद्र सरकारचे हे अभियान २०००-०१ साली सुरू झाले आणि २०१८ मध्ये 'समग्र शिक्षा' या योजनेत सामावले गेले. नाव हिंदी होते, ते महाराष्ट्रातही तसेच राहिले. पण एखाद्या मुलाने ही पाटी मराठी म्हणून वाचली तर? 'सगळ्यांना शिक्षा करण्याची मोहीम!' शिक्षकांच्या खोलीत या नावावरून कधीच विनोद झाला नाही, अशी शाळा क्वचितच असेल.

विनोद क्षणभर बाजूला ठेवू. त्या एकाच पाटीवर एकाच कुळातले दोन शब्द शेजारीशेजारी लिहिलेले होते : 'शिक्षा' आणि 'शिकूया'. मराठी कानाला त्यांतला एक धाक घालतो आणि दुसरा हाक मारतो. एका कुळातल्या शब्दांची अशी ताटातूट कशी झाली? आणि जो शब्द हिंदीत शाळेच्या दारावर मानाने बसतो, तोच मराठीत हातात छडी घेऊन का उभा राहतो?

हा प्रश्न घेऊन जायचे तर वर्ध्यालाच जावे.

वर्ध्यात जमलेल्या भाषा

वर्धा हा मराठी मुलूख. परंतु १९५६ पर्यंत तो हिंदी आणि मराठी भाषकांच्या एकत्र प्रांतात होता. आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्यप्रदेश. साहजिकच दोन्ही भाषांची येथे शेजारपणाची सवय. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला आले. त्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. सेगाव आणि बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव या नावांच्या सारखेपणामुळे पत्रांचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये सेगावचे 'सेवाग्राम' झाले. थोडक्यात, सारख्या दिसणाऱ्या शब्दांनी होणारा घोळ वर्ध्याला नवा नाही.

जमनालाल बजाज यांनी उभारलेल्या येथील शिक्षणसंस्थेचे आजचे नाव आहे 'शिक्षा मंडळ'. तिच्या महाविद्यालयांत शिकलेल्या वर्धेकरांना त्यात काही वावगे वाटत नाही. नवख्या मराठी माणसाला मात्र 'शिक्षा देणारे मंडळ' असे वाटून हसू येते. १९९७ साली वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय सुरू झाले. त्यातील एका शाखेला 'शिक्षा विद्यापीठ' म्हणतात. हिंदीतील 'विश्वविद्यालय' म्हणजे आपले 'विद्यापीठ'. आणि तेथील 'विद्यापीठ' म्हणजे विश्वविद्यालयातील एक विभाग-समूह. म्हणजे या दोन शब्दांच्या नावात दोन्ही शब्द मराठी वाचकाला चकवतात.

पण या शब्दाच्या संदर्भात वर्ध्याचे नाव निघते ते मुख्यतः एका परिषदेमुळे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली देशभरातील शिक्षणतज्ज्ञ जमले. परिषदेने चार ठराव केले : सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण सर्वांना मिळावे, ते मातृभाषेतून असावे, ते एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले असावे, आणि या उद्योगातून हळूहळू शिक्षकांच्या वेतनाचा खर्च निघावा. अभ्यासक्रम ठरवण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल दिला. हीच ती 'वर्धा योजना'.

या समितीत भाषांचे केवढे वैविध्य होते पाहा. झाकिर हुसेन आणि ख्वाजा गुलाम सय्यदैन उर्दूचे. विनोबा भावे आणि काका कालेलकर जन्माने मराठी. किशोरलाल मश्रूवाला आणि के. टी. शाह गुजराती, जे. सी. कुमारप्पा तमिळ, आर्यनायकम् मूळचे सिलोनमधील जाफन्याचे आणि त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. 'एज्युकेशन' या एका इंग्रजी शब्दासाठी या मंडळींच्या मनात किती वेगवेगळे शब्द असतील! हिंदीत आणि बंगालीत 'शिक्षा'. मराठीत 'शिक्षण'. उर्दूत 'तालीम'. गांधीजींच्या गुजरातीत 'केळवणी'; ज्या 'केळववुं' क्रियापदापासून हा शब्द आला, त्याचा अर्थ कणीक मळून मऊ करणे, कातडे कमावणे असाही होतो. गुजरातीतही 'शिक्षा' म्हणजे प्रामुख्याने दंड, सजा. म्हणजे योजनेच्या प्रणेत्याच्या मातृभाषेत, आणि जेथे योजना जन्मली त्या गावाच्या भाषेतही, 'शिक्षा' हा शब्द मुलांना नकोसाच होता.

मग यातला खरा अर्थ कोणता?

मुळात काय होते?

हिंदीतील अर्थ मूळचा आणि मराठीतील बिघडलेला, असे आपण चटकन म्हणून टाकतो. थोडे खोल जाऊ.

संस्कृतात एखाद्या क्रियेची इच्छा दाखवण्यासाठी धातूचे खास रूप बनते. त्याला इच्छार्थक किंवा सन्नन्त रूप म्हणतात. 'ज्ञा' म्हणजे जाणणे. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा. 'पा' म्हणजे पिणे. पिण्याची इच्छा ती पिपासा. 'श्रु' म्हणजे ऐकणे. ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. (गुरूचे ऐकायला उत्सुक असणारा त्याची सेवाही करतो, म्हणून 'शुश्रूषा' म्हणजे सेवा, आणि आज आपण रुग्णाची शुश्रूषा करतो!) याच घडणीत 'शक्' धातू घाला. 'शक्' म्हणजे समर्थ असणे, जमणे. शक्ती, शक्य, सशक्त हे सगळे त्याचेच गोत. जमावे, करता यावे अशी इच्छा, ती 'शिक्षा'. प्राचीन धातुपाठात 'शिक्ष्' हा विद्या मिळवणे या अर्थाचा स्वतंत्र धातू म्हणून दिला आहे. परंतु आधुनिक भाषाशास्त्रज्ञ तो 'शक्'चेच इच्छार्थक रूप मानतात.

म्हणजे मुळात या शब्दात ना शाळा होती, ना शिक्षक, ना छडी. होती ती शिकणाऱ्याची इच्छा : 'हे मला जमले पाहिजे.' घसरून पडल्यावर पुन्हा सायकलवर बसणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते.

पुढे अर्थ सरकू लागला. जमावे म्हणून माणूस सराव करतो; सराव करायला कोणीतरी सांगतो; आणि मग त्या सांगण्यालाच 'शिक्षा' म्हणू लागले. वेदांच्या सहा अंगांपैकी पहिल्याचे नाव 'शिक्षा' आहे, आणि त्याचा विषय उच्चारशास्त्र. वर्ण कोठून उमटतो, मात्रा किती, स्वर उंच की खालचा, याचा हा अभ्यास. तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या भागाला 'शीक्षावल्ली' म्हणतात, तेही यामुळेच. पहिलीच्या मुलांना आपण शिकवतो तो क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग असा क्रम घशापासून ओठांपर्यंत येतो. ही मांडणी त्या प्राचीन ध्वनिविचाराची देणगी आहे. म्हणजे संस्कृत पंडितासाठी 'शिक्षा' हा आपल्या भौतिकशास्त्रासारखा एका शास्त्राचा शब्द होता. हिंदीतील आजचा 'एज्युकेशन' हा अर्थसुद्धा शब्दशः मूळचा नव्हे. तोही पुढचाच मुक्काम आहे.

पालीत याच शब्दाचे रूप झाले 'सिक्खा'. तेथे तो आचरणाचा सराव, स्वतःला लावून घेतलेले वळण या अर्थी येतो. वर्धा-नागपूर भागातील असंख्य बौद्ध घरांत आणि विहारांत पंचशील म्हटले जाते, त्यात 'सिक्खापद' हा शब्द प्रत्येक शीलात येतो. तो आपल्या 'शिक्षे'चा अगदी जवळचा नातेवाईक. पण त्यात दुसऱ्याने दिलेला दंड नाही, स्वतः स्वीकारलेला नियम आहे. लोकांच्या बोलीतून झिजत आलेला मराठी शब्द म्हणजे 'शिकणे'. हिंदीत 'सीखना' आणि 'सीख'. आणि गुरूचा शिष्य या अर्थी पंजाबीत 'सिख', आपला 'शीख'. सगळे एकाच घरचे.

भारताच्या नकाशावर

आता एक नकाशा डोळ्यांसमोर आणा. हिंदी, नेपाळी, बंगाली, असमिया, उडिया या पट्ट्यात 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू, मल्याळम या पश्चिम-दक्षिण पट्ट्यात 'शिक्षा' म्हणजे मुख्यतः दंड. तेलुगूत 'उरिशिक्ष' म्हणजे फाशी, आणि 'शिक्षण' म्हणजे प्रशिक्षण. मल्याळममध्ये 'वधशिक्ष' म्हणजे देहदंड. कन्नडमध्ये 'शिक्षे' म्हणजे शिक्षा आणि 'शिक्षण' म्हणजे आपल्यासारखेच शिक्षण. भाषाकुले वेगळी आहेत : मराठी-गुजराती आर्यकुळातल्या, उरलेल्या तिन्ही द्राविड. तरी शब्दाने भूगोल पाळला, कुळ पाळले नाही. शेजाऱ्यांचे वळण भाषाही उचलतात, ते असे. आणि या दोन पट्ट्यांच्या जवळजवळ सीमेवर वर्धा आहे!

वर्ध्यातील एका चहाच्या टपरीवर हिंदी आणि मराठी वृत्तपत्रे शेजारी ठेवून पाहा. हिंदीत 'शिक्षा मंत्री', मराठीत 'शिक्षणमंत्री'. मराठीत 'आरोपीला सात वर्षांची शिक्षा', हिंदीत 'सात साल की सज़ा'. दोन्हीकडे बातम्या त्याच. पण एका शब्दाची खुर्ची बदललेली.

असे का व्हावे? एका घरातील खोल्यांची कल्पना करून पाहू. दंडासाठी हिंदीकडे फारसीतून आलेला 'सज़ा' हा शब्द रुळला होता आणि 'दंड'ही होता. ती खोली भरलेली. म्हणून 'शिक्षा' विद्येच्या खोलीत राहू शकली. मराठीत 'शिक्षण' हे त्याच धातूचे दुसरे रूप विद्येच्या खोलीत स्थिरावले, आणि 'शिक्षा' पलीकडच्या खोलीत गेली. एकाच मुळाचे दोन शब्द भाषेत टिकायचे, तर त्यांना कामे वाटून घ्यावी लागतात. हे केवळ अनुमान आहे, पण भाषांत अशी वाटणी वारंवार दिसते.

धडा शिकवणे

परंतु पलीकडची खोली नेमकी दंडाचीच का? स्वयंपाकाची का नाही, खेळाची का नाही? या प्रश्नाशी आपण शिक्षकांनी थोडे थांबायला हवे.

'थांब, तुला चांगला धडा शिकवतो!' हे वाक्य ऐकून कोणी वही-पेन काढत नाही. हिंदीत 'सबक सिखाना', इंग्रजीतही याच धर्तीचा वाक्प्रचार. ज्या बंगालीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, तेथेही 'उचित शिक्षा' म्हणजे चांगली अद्दल. म्हणजे शिकवणे आणि मारणे यांतले अंतर सगळ्याच भाषांत धोकादायक इतके थोडे आहे.

जग फिरून आलो तरी हेच दिसते. रशियनमध्ये दंडाला 'नाकाझानिये' म्हणतात; दस्तयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' या कादंबरीच्या मूळ नावातला हाच शब्द. पण जुन्या स्लाव्ह भाषेत या क्रियापदाचा अर्थ होता शिकवणे, उपदेश करणे. लॅटिनमध्ये 'डिस्किपुलुस' म्हणजे शिकणारा आणि 'डिस्किप्लिना' म्हणजे शिकवण. त्यापासून इंग्रजीत 'डिसिप्लिन' आले, आणि मध्ययुगीन ख्रिस्ती मठांत ते स्वतःला मारून घेण्याच्या चाबकाचेही नाव झाले. हिब्रूतील 'मुसार' या शब्दात बोध आणि ताडन दोन्ही आहेत. आपल्या संस्कृतातील 'शास्' धातू घ्या : शास्त्र आणि शिष्य त्याचेच, आणि शासन व शास्तीही त्याचीच.

वर्धा, मॉस्को, रोम, जेरुसलेम. या लोकांनी एकमेकांचे पाहून शब्द बदलले नाहीत. शिकवण्याचा अर्थ मारण्याकडे घसरला, कारण जगभर शिकवणारे मारत होते. शब्दाचा अर्थ त्याच्या धातूवरून ठरत नाही, तो लोकांच्या अनुभवावरून ठरतो. पिढ्यान् पिढ्या मुलांनी अंगठे धरले, ओणवे उभे राहिले, तळहातावर छड्या घेतल्या. त्याची नोंद हजेरीपटात नाही, पण भाषेत आहे.

या बाबतीत गांधीजींचा स्वतःचा अनुभव आहे. दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर ते मुलांना शिकवत असताना एका दांडगट मुलाला त्यांनी रागाच्या भरात रूळाने मारले. मारताना ते स्वतःच थरथरत होते. मुलाने रडून क्षमा मागितली. पण गांधीजींना त्या प्रसंगाचा पश्चात्ताप राहिला आणि पुन्हा त्यांनी कोणा विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा केली नाही, असे त्यांच्या आत्मकथेत आहे. हाच माणूस पुढे वर्ध्यात म्हणाला की, शिक्षण हातांतून व्हावे. छडी खाणाऱ्या हातांना त्याने टकळी दिली.

आणि 'तालीम'?

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने वर्धा योजना स्वीकारली. तिच्या अंमलबजावणीसाठी जी संस्था निघाली तिचे नाव 'हिंदुस्तानी तालीमी संघ'. अध्यक्ष झाकिर हुसेन, सचिव आर्यनायकम्. पुढे सगळ्या प्रयोगालाच 'नई तालीम' म्हणू लागले. गांधीजींना हिंदी आणि उर्दू यांच्यामधली, दोघांना समजणारी 'हिंदुस्तानी' हवी होती. या मतभेदावरून १९४५ मध्ये त्यांनी हिंदी साहित्य संमेलनाचाही राजीनामा दिला. त्या काळी 'शिक्षा' म्हणावे की 'तालीम' हा नुसता कोशाचा प्रश्न नव्हता. कोणाला आपल्यासोबत बसवायचे, याचा तो प्रश्न होता. याच प्रांतात रविशंकर शुक्ल यांनी खेड्यांतील शाळांसाठी 'विद्या मंदिर' योजना आणली, तेव्हा त्या नावालाच मुस्लिम समाजातून विरोध झाला. संस्कृतात 'मंदिर' म्हणजे घर. पण लोकांच्या मनात मंदिर म्हणजे देऊळ, आणि नाव लोक ऐकतात ते आपल्या मनातल्या अर्थाने.

'तालीम' हा अरबी शब्द. इल्म, आलिम, मालूम यांचा भाऊ. अर्थ शिकवणे. पण मराठी माणसाला 'तालीम' म्हटले की लाल माती दिसते, लंगोट कसलेले पैलवान दिसतात. कोल्हापूरची गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम आठवते. नाटकवाल्याला 'रंगीत तालीम' आठवते. म्हणजे देशाच्या शिक्षणासाठी वर्ध्यात दोन शब्द गाजले, आणि त्या गावच्या भाषेत एकाचा अर्थ दंड, दुसऱ्याचा आखाडा!

मात्र दोघांत फरक आहे. आखाड्यात आणि नाटकाच्या तालमीत माणूस काय करतो? जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करतो, स्वतःच्या अंगाने करतो, आणि चुकला म्हणून कोणी त्याला बाहेर काढत नाही. 'शक्'ची इच्छा, जमावे ही धडपड, मराठीने 'शिक्षे'त गमावली. ती 'तालमीत' जिवंत राहिली. सूत कातून गणित शिकणाऱ्या मुलाला मराठी अर्थाची 'नवी तालीम' मुळीच परकी वाटली नसती. सेवाग्रामच्या आवारात २००५ पासून पुन्हा सुरू झालेल्या 'आनंद निकेतन' शाळेत मुले आजही शेती, स्वयंपाक, सूतकताई यांतून विषय शिकतात, आणि शिकतात मराठीतून.

कायद्याची दोन भाषांतरे

शेवटी एका कायद्याकडे वळू. २००९ साली संसदेने मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. १९३७ च्या वर्धा परिषदेचा पहिला ठराव कायद्यात उतरायला बहात्तर वर्षे लागली. याच कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. हिंदीत या कायद्याच्या नावातच 'शिक्षा' आहे, आणि कलम १७ मध्ये मनाई आहे ती 'दंडा'ला. मराठीत सांगायचे तर नावात 'शिक्षण' येते आणि मनाई होते ती 'शिक्षे'ला. एकच कायदा, एका भाषेत शिक्षा हा हक्क, दुसऱ्या भाषेत शिक्षा हा गुन्हा. आणि दोन्ही वाक्ये खरी.

म्हणून 'मराठी अर्थ चुकीचा, तो सुधारा' असे म्हणण्यात हशील नाही. शब्द वटहुकमाने बदलत नाहीत. शब्दाला शिकवायचे नसते. त्याच्याकडून ऐकायचे असते.

वर्गात हे करून पाहता येईल. फळ्यावर चेष्टा, संसार, राग, शिक्षा, तालीम हे शब्द लिहा. हिंदीच्या पाठ्यपुस्तकात त्यांचे अर्थ मुलांनाच शोधू द्या. (हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि संसार म्हणजे जग!) वर्गात तेलुगू, गुजराती, उर्दू, हिंदी बोलणारी मुले असतील, तर त्या दिवशी ती कोश होतील. शाळेत जुना मराठी कोश असेल, तर त्यात 'शिक्षा' काढून किती अर्थ दिले आहेत ते मोजा.

आणि शेवटी मुलांना एकच प्रश्न विचारा : 'शिक्षा' म्हटले की तुम्हांला काय आठवते? उत्तरे शांतपणे ऐका. ज्या दिवशी एखादा मुलगा गोंधळून म्हणेल की, मला तर काहीच आठवत नाही, त्या दिवशी आपल्या शाळेने या शब्दाच्या इतिहासात एक नवा मुक्काम जोडला, असे खुशाल समजा.